रुळांवरचं डांबर

खमैसचा सगळा जन्म वादी सफ्राच्या रेल्वे फाटकावर गेला. आधी बाप फाटकवाला, मग तो. ट्युनिशियाच्या त्या उजाड दक्षिणेत खाणीतलं फॉस्फेट घेऊन मालगाडी जायची, आणि तिच्या शेपटाला माणसांचे दोन डबे असायचे. त्याची बायको सालहा त्यातूनच डोळे दाखवायला इस्पितळात जाई. बापाच्या काळी रस्ता म्हणजे गाढवगाडीची वाट होती, तीही रेल्वेला विचारून रूळ ओलांडणारी. अजूनही खमैसचा हिरवा बावटा दिसल्याशिवाय रुळांजवळ कुणी फावडं टेकवत नसे.

हिवाळ्यात पूर आला. रस्त्याचा पूल वाहून गेला, रेल्वेचाही गेला. रस्त्याचा पूल सरकारने रमजानच्या आत उभा केला. रेल्वेला सांगितलं, तुमचा तुम्ही कमाईतून बांधा.

"गाडीच नाही तर कमाई कसली?" खमैस म्हणे. "पाय मोडलेल्याला सांगायचं, चालत जा आणि औषध आण!"

फॉस्फेट आता ट्रकमधून जाऊ लागलं. तरी रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून तो लोखंडी आकडीने रुळाकडेच्या खोबणीतले खडे उकरायचा. खोबण बुजली की गाडीचं चाक घसरतं.

ट्रकवाला मुंजी काच खाली करून चिडवी, "काका, नवरी पळून गेली, तुम्ही अजून मांडव झाडताय!"

"येईल नवरी. तू आपला धुरळा घेऊन पुढे हो."

एका शुक्रवारी रस्ते खात्याचे इंजिनिअर बुबकर, ज्यांना सगळे मानाने 'सी बुबकर' म्हणत, रोलर आणि माणसं घेऊन आले. सालहाने लाल चहा दिला.

"रुळांलगत रस्त्याच्या कडा फार उखडल्यात, काका. नीट करून देतो."

खमैसला बरं वाटलं. रेल्वेचा पूल झाला की गाडी इथून झोकात जाईल, असं त्याच्या मनात आलं. त्याने हिरवा बावटा उंच धरला आणि जुम्याच्या नमाजाला गेला.

परत आला आणि जागीच थिजला. रूळ नव्हते! निवडुंगाच्या कुंपणाकडून ते रस्त्यापर्यंत आले होते आणि काळ्या, गुळगुळीत, वाफाळत्या डांबराखाली नाहीसे झाले होते. पलीकडे पुन्हा निघाले होते.

"या अल्लाह! रूळ कुठायत?"

"खालीच आहेत, काका. वरचा हुकूम आहे."

"मी कडांसाठी बावटा दाखवला!"

"बावटा तो बावटाच. तुम्हीच दाखवलात."

"मग आत्ताच उकरा. डांबर गरम आहे."

"रस्ता फोडायचा तर रेल्वेने अर्ज करावा, शुल्क भरावं. नियम सगळ्यांना सारखा."

"शुल्क? आपलेच रूळ उघडायला?"

"रस्ता सरकारचा आहे, काका."

"आणि रेल्वे कुणाची?" सालहा दारातून कडाडली. "माझ्या सासऱ्याची?"

सी बुबकरांनी माणसांना सामान आवरायला सांगितलं.

खमैसने फाटक पाडलं. ट्रक थांबले, भोंगे सुरू झाले. तो आकडी घेऊन खाली बसला आणि खरवडू लागला. मुंजी उतरून जवळ आला. "काका, अहो, उठा," एवढंच म्हणाला. चिडवणं त्याला सुचलं नाही.

वीतभर लोखंड दिसलं असेल, तोच फाटकावरच्या चौकीतला फोन वाजला. स्टेशनमास्तर होते, त्याच्याच खात्याचे.

"खमैस, फाटक उघड! ट्रक अडवल्याचा दंड रेल्वेच्या माथी मारतायत."

"साहेब, त्यांनी रूळ—"

"उघड म्हणतो ना!"

त्याने स्वतःच्या हाताने फाटक वर केलं.

दुपार कलली, असरच्या नमाजाची अजान झाली. तो नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला बसला, पण डांबर हाताला चिकटलेलं, आणि कातडीला पाणी लागल्याशिवाय वुजू होत नाही. सालहा ऑलिव्हचं तेल घेऊन त्याचे तळवे चोळू लागली.

"निघेल," ती म्हणाली.

बाहेर मुंजीचा ट्रक फाटकावरून गेला. रुळांची ती रोजची धडधड झाली नाही. खमैसने दचकून मान वर केली. सालहाचे हात थांबले.

दुसरा ट्रक गेला. तोही तसाच, बिनआवाजी.