इस्मतने फ्रान्सला पळून जायचं ठरवलं त्याची गोष्ट

आमच्या इस्मतने पळून जाऊन लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिचं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं आणि तिचे गुडघे दुखत होते. पळणं कसलं, जिना उतरायचा तर कठड्याला धरून. पण ठरवलं होतं खरं. तेही जेद्द्यात नाही, मुंबईत नाही, तर थेट फ्रान्स देशात, कुठल्याशा खेड्यात.

इस्मत माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता, काविळीने गेला. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची, मूलबाळ नाही. ह्यांनी तिला रत्नागिरीला घरी आणली आणि वर्ष झाल्यावर स्थळं बघायला लागले. पहिल्या तिघांना तिने आतूनच नाही म्हणून कळवलं. चौथा दापोलीकडचा बिजवर. तो चहा पिऊन नानकटाई खात बसला होता, तेवढ्यात ही बाहेर आली. ह्यांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि त्या माणसादेखत म्हणाली, "भाय, पुन्हा माझ्या लग्नाचा शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." पाहुण्याने अर्धी नानकटाई बशीत ठेवली, छत्री घेतली आणि गेला.

ह्यांनी ती शपथ पाळली. किती पाळली म्हणाल, तर तिच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या लग्नालाही लग्न म्हणायचे नाहीत. "शुक्रवारी गफूरचाचांच्या नातवाचं ते आहे," एवढंच म्हणायचे. आम्ही समजून घ्यायचो.

पुढे ह्यांनी जेद्द्याला बलदमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, जपाच्या तसबी, नमाजाच्या जानमाज आणि अत्तराचं दुकान टाकलं. मी आले. मग इस्मतही आली, एका फ्रेंच इंजिनियरच्या घरी मूल सांभाळायला. त्या घरच्या बाईला ती मादाम म्हणायची, म्हणून आम्हीही मादाम. मादामला आपलं काही कळत नव्हतं, इस्मतला तिचं काही कळत नव्हतं. मोडकं इंग्रजी आणि हातवारे यांवर दोघी तासन् तास गप्पा मारायच्या. मला तर वाटतं, भाषा येत असती तर इतकं जमलं नसतं.

दर शुक्रवारी इस्मत सुट्टी घेऊन आमच्याकडे यायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार टेबलं आणि एक पंखा. तिथला आचारी नसरुद्दीनभाई, श्रीवर्धनचा. बायको जाऊन खूप वर्षं झालेली. जेद्द्यात आमच्या कोकणी माणसांचं कुठलंही लग्न असो, मागे देगीजवळ हा माणूस असायचाच. कमी बोलायचा. बोलला तर माशांबद्दल.

एका शुक्रवारी त्याने आमच्याकडे बांगड्याचं कालवण पाठवलं. इस्मतने भांडं धुऊन परत पाठवलं आणि सोबत निरोप दिला, तिरफळं जास्त झाली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा भांडं आलं. हिचा निरोप, आता कमी झाली. वर्षभर हेच चाललं होतं. मी आपली मध्ये बसून जेवत होते, मला दर वेळी बरंच लागायचं. मग एका शुक्रवारी ती गप्प जेवली. मी म्हटलं, "काय गो, आज काही खोड नाही काढलीस?"

"नाही काढली," म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. मी काय समजायचं ते समजले.

तेवढ्यात इराकने कुवेत घेतलं. आमच्याकडे लढाई नव्हती, पण लढाईच्या गोष्टी खूप होत्या. सरहद्दीवरच्या खफजीकडचे लोक सामान घेऊन जेद्द्याला यायला लागले. जमातीतल्या कितीतरी जणांनी बायकामुलांना गावी पाठवलं. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि रेडिओ जास्त. थंडी पडल्यावर मादामच्या नवऱ्याच्या कंपनीने ठरवलं की बायकामुलांना मायदेशी पाठवायचं. मादाम इस्मतला म्हणाली, तूही चल. इस्मतने हातवारे करून तिला नसरुद्दीनभाईबद्दल सांगितलं. हातवाऱ्यांनी असलं कसं सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण मादामने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, माझ्या आईच्या गावी या आणि तिथेच लग्न करा. कुणी येणार नाही, कुणी बघणार नाही. तू आधी चल, तुझा माणूस आठवड्याभराने माझ्या नवऱ्याबरोबर येईल.

इस्मतला तर हेच हवं होतं. लग्न हवं होतं, भावाला तोंड दाखवणं नको होतं. "भाभी," ती मला म्हणाली, "ज्याच्या डोक्याला इतका ताप दिला, इतक्या लोकांत त्याची मान खाली घातली, त्याला आता या वयात काय सांगू? मला एक माणूस पसंत पडला म्हणून? त्यापेक्षा करून येते. झाल्यावर रागावू दे."

मग आमच्या स्वयंपाकघरात बेत सुरू झाले. ह्यांना दुकानात पाठवायचं आणि आम्ही तिघांनी बसायचं. नसरुद्दीनभाई दाराजवळच्या स्टुलावर, आम्ही दोघी आत. मादामने तिच्या गावाचा फोटो दिला होता. दगडी घर, अक्रोडाचं झाड, मागे गायी.

"गायी आपल्यासारख्याच आहेत," इस्मत म्हणाली, "फक्त खाऊन-पिऊन सुखी दिसतायत."

नसरुद्दीनभाईने फोटो उलटसुलट बघून विचारलं, "समुद्र कुठाय?"

"समुद्र नाही तिथे."

"मग मासे?"

"नदीतले."

पळून जायच्या सगळ्या बेतात त्याला खरी काळजी वाटली ती तेवढीच. मग म्हणाला, "मी आमसुलं घेतो बरोबर. नारळ घेऊ का?" इस्मत म्हणाली, "लग्नाला चाललाय की हॉटेल टाकायला?" मी हिरवी साडी काढून दिली. ती म्हणाली, थंडीत साडीवरून कोट घालावा लागेल, मग साडी दिसणार कुणाला? मी म्हटलं, कुणाला दिसायला नको म्हणूनच तर एवढ्या लांब चाललीस.

आता आमची चूक सांगते, म्हणजे हसाल. लग्न लावायला काय लागतं, हे आम्हा तिघांपैकी एकालाही धड माहीत नव्हतं. मी आणि इस्मतने बघितलेली लग्नं सगळी आतल्या खोलीतून. पडद्याआड बसायचं, साक्षीदार येऊन विचारणार, मुलगी मान हलवणार, झालं. बाहेर पुरुषांत काय होतं ते आम्ही कशाला बघतोय? आणि नसरुद्दीनभाई शेकडो लग्नांना हजर, पण नेहमी मागे देगीपाशी. निकाह वाचायच्या वेळी याचं सगळं लक्ष भाताच्या दमाकडे. त्यामुळे आमच्या तिघांच्या हिशोबाने एक मौलवी आणि दोन साक्षीदार मिळाले की लग्न लागतं. मादाम म्हणाली होती, शहरात मशीद आहे, आणू कुणाला तरी.

रविवारी विमान आणि गुरुवारी नसरुद्दीनभाईला काय वाटलं कुणास ठाऊक, तो गफूरचाचांना विचारायला गेला. चाचा आमच्या जमातीचे वडीलधारे, लग्नं तेच लावायचे. हा त्यांना म्हणाला, "माझा एक दोस्त आहे, त्याला परदेशात निकाह करायचाय."

चाचांनी विचारलं, "बाईचा बाप आहे?"

"नाही."

"भाऊ?"

"आहे."

"मग भाऊ तिचा वली, तिच्या वतीने बोलणारा. आपण शाफई पंथाचे. वलीने दिल्याशिवाय आपल्यात निकाह लागतच नाही. तुझ्या दोस्ताला एवढंही माहीत नाही? इतकी वर्षं कुणाच्या लग्नात जेवतोय तो?"

"तो जेवत नाही," नसरुद्दीनभाई म्हणाला, "तो वाढतो."

धावत आला आमच्याकडे. इस्मत भिंतीला टेकून खाली बसली. ज्याला चुकवायला फ्रान्स गाठायचं, त्याच्याशिवाय लग्नच नाही! मी म्हटलं, आता बोल भावाशी. तर म्हणे, "नाही, भाभी. नाहीच. लग्न राहू दे. माझ्या तोंडून नाही निघणार." नसरुद्दीनभाई म्हणाला, मी बोलतो. ती म्हणाली, "तुम्ही माझं नाव काढलंत तर मी फ्रान्सहून परत यायची नाही." आणि खरंच आली नसती. आमच्या घराण्यातली आहे.

शुक्रवारी नमाजनंतर नसरुद्दीनभाई एक मोठा मासा घेऊन आमच्या दारात उभा. हे लुंगीत, रेडिओ कानाशी. आम्ही दोघी आत पडद्यामागे. इस्मतच्या हाताला पीठ.

"भाई, मासा ताजा आहे."

"दिसतोय."

"डोळे बघा."

"बघितले."

रेडिओ एकटा बोलत होता. शेवटी नसरुद्दीनभाईने हिंमत केली. "भाई, तुम्ही... म्हणजे कुणाचं ते असलं तर, तुम्ही हजर असाल ना?"

ह्यांनी रेडिओ बंद केला. "नसरुद्दीन, तू काय म्हणतोयस ते मला कळतंय. पण माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली पडद्यामागे उभी आहे."

इस्मत पिठाच्या हातांनी तशीच बाहेर गेली. "भाय! तुला माहीत होतं?"

"साऱ्या बलदला माहीत आहे. वर्षभर कालवणाचं भांडं गल्लीतून ये-जा करतंय. भांड्याला डोळे नसतील, लोकांना आहेत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं मेलेलं तोंड कोण बघणार? शपथ तू घातलीस. मी कशी सोडवू?"

इस्मत उभीच राहिली. मला वाटलं, आता ही वळून आत येते आणि संपलं सगळं. पण ती पुढे गेली, ह्यांचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "सुटली, भाय. सुटली शपथ."

हे म्हणाले, "लग्न." पुन्हा म्हणाले, "लग्न. आमच्या इस्मतचं लग्न!" इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. उपाशी माणसाने घास खावा तसा तो शब्द त्यांनी खाल्ला.

मग इस्मतने फ्रान्सचं सांगितलं. ते मात्र ह्यांना ठाऊक नव्हतं. चेहरा उतरला. "म्हणजे तिथल्या गायींना तुझं लग्न कळणार आणि मला नाही?" एवढं म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

बाहेर येऊन म्हणाले, उद्या-परवा काही नाही, आजच. इस्मतने एकच अट घातली, कुणाला बोलवायचं नाही. तसंच झालं. निकाह गफूरचाचांनी वाचला. साक्षीदार दोन, एक हॉटेलातला वाढपी उमैर आणि दुसरा नसरुद्दीनभाईचा सौदी कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो मालक. तो खरं तर, आज हॉटेल का बंद, म्हणून चौकशीला आला होता. त्याला बसवून घेतलं. स्वतःच्या लग्नाची बिर्याणी नसरुद्दीनभाईने स्वतःच केली. निकाह वाचताना दोनदा उठून देग बघायला निघाला. चाचा ओरडले, "अरे बस! तू आज नवरा आहेस!" मग बसला. जन्मात पहिल्यांदा पूर्ण निकाह ऐकला त्याने, डोळे पुसत. कफील आपला म्हणतोय, "यल्ला, यल्ला, जेवण निवतंय."

आतली खोली आम्ही त्यांना दिली. आम्ही दोघं दुकानात जानमाजांच्या गठ्ठ्यावर झोपलो.

रविवारी इस्मत फ्रान्सला गेली. मुलाला तिचा लळा होता आणि तिने मादामला शब्द दिला होता. नसरुद्दीनभाई मागून जाणार होता. पण तीन-चार दिवसांत खरीच लढाई सुरू झाली, विमानं थांबली. नवरी फ्रान्समध्ये, नवरा बलदमध्ये.

तिकडची गंमत इस्मतने नंतर सांगितली. मादामच्या आईने सगळी तयारी करून ठेवली होती. लांब टेबल, पांढरी चादर, मेणबत्त्या. सगळं गाव आलं होतं. सगळं गाव म्हणजे आपल्याकडे एका जिन्यावर राहतात तेवढी माणसं, तीही बहुतेक म्हातारी. पुरुषांनी कोट घातलेले, बायकांनी टोप्या. आणि नवरा नाही! आता जेवण कशाला फुकट घालवायचं, म्हणून त्यांनी एकट्या नवरीलाच मधोमध बसवली. हिरव्या साडीवर मादामच्या बापाचा जुना कोट. सगळे पेले उचलून काहीतरी म्हणाले. इस्मतने पाण्याचा पेला उचलला आणि मान हलवली. बारा माणसं गालाला गाल लावून गेली. मी म्हटलं, पुरुषसुद्धा? ती म्हणाली, "भाभी, पुढचं विचारू नको."

जेवण झाल्यावर मादामने तिला हॉटेलचा फोन लावून दिला. तो फोन गल्ल्यावर, टेबलं सगळी भरलेली. मी भांडं परत द्यायला गेले होते, म्हणून हे कानांनी ऐकलं. नसरुद्दीनभाईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता आणि ओरडून बोलत होता, जसं काही फ्रान्स रस्त्यापलीकडे आहे.

"काय जेवलीस?" त्याने विचारलं. गिऱ्हाइकांनी खाणं थांबवलं.

तिकडून तिने सांगितलं असावं.

"नुसते बटाटे?" तो म्हणाला. "लग्नाला बटाटे?" मग थोडा वेळ नुसताच ऐकत राहिला. चेहरा असा काही झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. "हो," म्हणाला. "हो. मलापण." आणि मग, आपण कुठे उभे आहोत ते आठवून, "बरं, कधी येतेस?"

ती म्हणाली, लढाई संपली की.

रिसीव्हर ठेवून तो वळला, तर सगळं हॉटेल त्याच्याकडे बघतंय. कोपऱ्यातला एक राजापूरचा म्हातारा म्हणाला, "काय म्हणते बायको?"

"लढाई संपवायला सांगितलीय," नसरुद्दीनभाई म्हणाला आणि हसत हसत आत कांदे चिरायला गेला.