वैशालीच्या शंकेचं उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझ्या मधुमेहापासून माझ्या मत्सरापर्यंत सगळं सांगत आलो आहे. हे एवढंच राहिलं. सांगायला म्हणून बसायचो, घसा खाकरायचो, चष्मा पुसायचो, आणि मग विषय निघायचा आज नळाला पाणी किती वाजता येणार याचा. आताही तसंच होईल कदाचित. तुम्ही जरा दम धरा. मी मास्तर माणूस, मला सरळ मुद्द्यावर यायची सवय नाही.

मी तत्त्वज्ञान शिकवायचो. चिंचवड स्टेशनजवळच्या एका कॉलेजात. हसू नका. आमच्या या पट्ट्यात तत्त्वज्ञान शिकवतो म्हटलं की लोक आधी विचारतात, म्हणजे नेमकं कुठल्या कंपनीत? विभागात आम्ही तिघं प्राध्यापक आणि एक पुस्तकांचं कपाट. तिघांची आडनावं वेगळी, पण घरं एकाच वळणाची. दिवेलागणीला तिन्ही घरांत एकच स्तोत्र म्हटलं जायचं. यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. कसं वाटणार? बाहेरून बघणारं आत कुणी नव्हतंच.

नाही — तसं अगदीच म्हणता येणार नाही. मला वाटलं होतं. म्हणून तर रविवारचा वर्ग मी सुरू केला. चाकणला शिफ्ट करणारी पोरं, पिंपरीच्या कामगार वसाहतींतल्या मुली, ज्यांना आठवड्यात सवड नाही त्यांनी रविवारी यावं आणि एम.ए. करावं. त्यासाठी प्राचार्यांशी भांडलो, सहकाऱ्यांचे टोमणे ऐकले. ‘आपला विभाग सगळ्यांसाठी’ हे वाक्य माझंच. पुढे वैविध्य आणि समावेशन वगैरे शब्दांची परिपत्रकं आली, समिती झाली, तेव्हा अध्यक्ष म्हणून माझंच नाव पुढे आलं आणि ते मला रास्तही वाटलं. दार उघडणाऱ्याला वाटतं घर आपलंच आहे. मलाही तसंच वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

वैशाली त्या वर्गात आली. वडील चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर, पहाटे कंपनीची बस पकडायचे. आई शिवणकाम करायची. बौद्ध कुटुंब, घरात पुस्तकं भरपूर — माझ्या घरात होती त्याहून जास्त, हे मला फार उशिरा कळलं. मुलगी शांत. पुढच्या बाकावर बसायची, पण पुढं पुढं करायची नाही. मी मनातल्या मनात तिच्याकडे कौतुकानं बघायचो. कौतुक म्हणजे काय, ते वरून खाली बघायचं असतं ना, तसलं.

आता थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. आपल्याकडे अनुमान शिकवताना पिढ्यानपिढ्या एकच उदाहरण देतात. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कशावरून? तर जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. या स्वयंपाकघराला म्हणायचं दृष्टांत. आणि दृष्टांताला एक अट असते: वाद घालणाऱ्या दोघांनाही तो मान्य असायला हवा. डोंगराबद्दल भांडण चालेल, पण स्वयंपाकघराबद्दल नाही. माझी पीएचडी याच दृष्टांतावर. उमेदीची सगळी वर्षं मी त्या स्वयंपाकघरात काढली असं म्हणा ना!

त्या रविवारी मी हे रंगात येऊन शिकवत होतो. वैशालीनं हात वर केला. म्हणाली, सर, दोघांना मान्य म्हणजे दोघांनी पाहिलेलं हवं ना? मी म्हटलं, अर्थात. मग ती सावकाश बोलली, प्रत्येक शब्द जागेवर ठेवत:

“समजा त्यातल्या एकाला त्या घरात आत घेतच नाहीत. तो अंगणात उभा राहून धूर बघणार. आत चूल आहे हे त्यानं बघितलेलं नाही, ते तो फक्त ओळखणार. मग त्याच्यासाठी स्वयंपाकघर हाच डोंगर झाला की, सर.”

वर्गात कुणीतरी म्हणालं, त्याच्या स्वतःच्या घरी चूल असेलच की. ती म्हणाली, असेल, पण तिथे दुसरा येणार आहे का? दोघांचे दोन दृष्टांत होतील, दोघांना मान्य असा एकही नाही. म्हणजे वादात धुरावरून अग्नी अजून सिद्धच झालेला नाही, कुणासाठीच नाही, आत बसलेल्यासाठीसुद्धा नाही.

काय सांगू तुम्हाला! माझ्या हातातला खडू तसाच राहिला. तुम्ही कधी एखादी गोष्ट जन्मभर रोज बघितली आहे, आणि मग कुणीतरी येऊन नुसतं बोट लावून फिरवली आहे का? तसं झालं. इतक्या मोठमोठ्या डोक्यांनी घासूनपुसून ठेवलेली ती अट — आणि तिच्या पोटात हे दडलेलं. विभागात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हा आम्ही दयेचा प्रश्न समजत होतो. ती म्हणत होती की तुम्ही लोकांना आत घेत नाही तोवर तुमचं स्वतःचंच ज्ञान अर्धवट आहे. आणि हे तिनं रागानं म्हटलं नाही. जातीचा शब्दसुद्धा काढला नाही. तक्रार असती तर मी कळवळलो असतो, मला ते उत्तम जमतं. पण तिनं निखळ तर्क मांडला होता आणि त्यात मला कुठे फट सापडेना.

जात तिनं काढली नाही, ती मला माझी मलाच आठवली. आमचं जुनं घर चिंचवड गावठाणात. आईचं सोवळं कडक. माझा शाळेतला जिवलग मित्र मागच्या दाराच्या पायरीवर बसून माझी वाट बघायचा. पावसाळ्यात चूल धुमसायची आणि धूर त्याच्या अंगावर जायचा. तो डोळे चोळत बसायचा. चूल त्यानं कधीच पाहिली नाही. आणि मी त्या अटीवर अख्खा प्रबंध लिहिला तेव्हा तो मला एकदाही आठवला नाही. एकदाही नाही हो!

मग मी काय करायला हवं होतं? खाली बसायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, पोरी, हे मला सुचलं नाही, हे माझ्या माहितीत कुणालाच सुचलेलं नाही. खरं तर शब्द जिभेवर आलेही होते. पण मागच्या बाकावर आमच्या विभागातलेच एक सहकारी वर्ग बघायला म्हणून येऊन बसले होते. आणि सहकारी नसते तरी? नाही, त्यांच्यावर ढकलत नाही. हिनं? रविवारच्या वर्गातल्या हिनं? — हे शब्द माझ्याच डोक्यात उमटले, जसेच्या तसे सांगतो आहे.

आमच्या विषयात एक जुनी खोड आहे. शिष्याची शंका अंगावर आली की गुरू म्हणतो, ग्रंथात आहे, शोध. बहुतेक वेळा ते खरंही असतं. मी हसलो, खडू ठेवला आणि म्हणालो:

“शंका छान आहे. पण जुनी आहे. उत्तर ग्रंथात दिलेलं आहे, शोध म्हणजे सापडेल.”

उत्तर नव्हतं. ती शंकाही जुनी नव्हती. हे मला बोलताना माहीत होतं. हाच तो कबुलीजबाब — पण एवढ्यावर संपला असता तर मी कदाचित तुमचा वेळ घेतला नसता.

तिनं शोधायला सुरुवात केली. माझ्या शब्दावर! तिला संस्कृत यायचं नाही, ती पहिल्या धड्यापासून शिकली. शिकवण्या करून दुपारी पुण्याला लोकलनं जायची, ग्रंथालयात बसायची. दर रविवारी वर्ग सुटला की माझ्या टेबलाशी येऊन सांगायची, सर, अमक्यात बघितलं, त्यात नाही. मी म्हणायचो, त्या ग्रंथावरची टीका बघ, भाष्य बघ. टीका बघून यायची. मी म्हणायचो, टीकेवरची टीका बघ. आणि काय तिची ती तयारी होत गेली, आहाहा! मी थक्क होऊन ऐकायचो. मी वरवर चाळलेले भाग ती मुळातून सांगायची, माझ्या प्रबंधातली एक चूक तिनं इतक्या अदबीनं दाखवली की मलाच ती माझी हुशारी वाटावी. मी खोटं बोललो आणि त्या खोट्याच्या मागे धावता धावता ती पोर पंडित झाली. यात माझं श्रेय आहे असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्यासमोर आणा.

एकदा ती म्हणाली, सर, मला वाटायला लागलंय की हे कुणी विचारलंच नसेल, कारण विचारायला आत कुणी असायला हवं ना. म्हणजे ती पोचली होती, स्वतःच्या पायांनी, अगदी दारापर्यंत. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी म्हणालो, असं घाईनं बोलू नये, अभ्यास वाढव. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या आठवड्यात ती नवं पुस्तक घेऊन हजर.

मग पीएचडीची मुलाखत आली. विभागात एकच जागा, मार्गदर्शक मी. समोर बाहेरून आलेले दोन जाणकार. वैशालीनं विषय सांगितला: दृष्टांत आणि प्रवेश. शंका मांडली. दोघांनीही ती कागदावर उतरवून घेतली, इतकी ती नेमकी होती. मग त्यातल्या ज्येष्ठांनी विचारलं, याला पूर्वी कुणी उत्तर दिलंय का? आणि ती प्रामाणिक मुलगी म्हणाली, सर म्हणतात की दिलेलं आहे, मला अजून सापडलेलं नाही.

सगळे माझ्याकडे वळले. तीही वळली. त्या नजरेत केवढा भरवसा होता! मी खरं बोललो असतो तर विषय नवा ठरत होता, जागा तिची होत होती. आणि मी त्यांच्यासमोर खोटारडा ठरत होतो, रविवारच्या एका विद्यार्थिनीला घाबरलेला.

मी म्हणालो, “आहे.”

मग काय राहिलं? उत्तर असलेल्या प्रश्नावर संशोधन कसलं? ज्येष्ठ मायेनं म्हणाले, बाळ, तू तुझ्या अनुभवांवर काहीतरी लिही ना, तुमच्या समाजाबद्दल, समाजशास्त्रवाले घेतील तुला. ती म्हणाली, मला दृष्टांतावरच लिहायचं होतं. मग उठली, सगळ्यांना नमस्कार केला, खुर्ची नीट आत सरकवून गेली. जागा दुसऱ्याला मिळाली. तो आमच्याच वळणाच्या घरातला. त्या संध्याकाळी विभागात त्याच्याकडून पेढे आले आणि मी पेढा खाल्ला.

वैशाली आता राजगुरुनगरला ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. मी निवृत्त झालो तेव्हा समितीनं कार्यक्रम ठेवला, विभागाची दारं सर्वांसाठी उघडल्याबद्दल माझा सत्कार. माजी विद्यार्थिनी म्हणून बोलायला तिलाच बोलावलं. ती छान बोलली. म्हणाली, सरांनी मला शोधायला शिकवलं. सरांनी सांगितलेलं एक उत्तर मला काही सापडलं नाही, ती माझी कुवत कमी पडली. सभागृहात टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल होती, आणि मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

नंतर चहाच्या वेळी ती जवळ आली. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. हळूच म्हणाली, सर, आता तरी सांगा, कुठल्या ग्रंथात होतं ते?

आजूबाजूला कुणी नव्हतं. ज्येष्ठ नव्हते, सहकारी नव्हते, जागेचा प्रश्न नव्हता, घालवण्यासारखी नोकरीही नव्हती. ती होती आणि मी होतो. मी म्हणालो, वय झालं गं, आता आठवत नाही.

“असू द्या सर,” ती म्हणाली, “मी बघते अजून. सुट्टीत जाते अधूनमधून ग्रंथालयात.”

उत्तर कुठेही नाही. तिच्याआधी हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. हे तिला सांगायचं होतं, आणि मी ते तुम्हाला सांगितलं.