आवाजाच्या आधी साडभाऊ

आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका काळजी करणारा माणूस वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे झाला नाही आणि पुढेही होणार नाही, कारण पुढे होणाऱ्यांची काळजीसुद्धा तेच करून बसले आहेत. कोहमाऱ्याच्या नाक्यावर दहाची बस पकडायची असली की ते साडेसातला जाऊन उभे राहतात. आठची बस येते, रिकामी असते, कंडक्टर हाक मारतो. पण ती आपली बस नाही म्हणून हे चढत नाहीत. धानाचे पऱ्हे टाकले की उगवायच्या आत तीनदा माती उकरून बघतात. पुतणीच्या लग्नात त्यांनी हळदीच्या सकाळपासून रडायला घेतलं. पाठवणीच्या वेळी सगळं गाव रडत होतं आणि डोळ्यांतलं पाणी संपलेले हे एकटे कोरड्या चेहऱ्याने उभे होते. नवरीच त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "काका, बरं वाटून नाई रायलं का?" त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं : "नाई झालं तं?" ऊन पडलं तरी तेच, पाऊस आला तरी तेच. चहा ठेवलाय म्हटलं तरी हे म्हणायचे, "नाई झाला तं?"

काळजी फक्त एका ठिकाणी त्यांना सोडून जायची, ती म्हणजे पेटीसमोर. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. भर दुपारी, उघड्यावर, जिलेबीच्या कढया आणि फुगेवाले यांच्या मधोमध दंडार उभी राहते. गाणी, नाच, राजा-राणीची सोंगं. गावच्या दंडारीत साडभाऊ वीस वर्षं पेटीवर बसत. भाता हलला की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरत, आणि शेवटच्या गाण्यानंतर त्याच क्रमाने परत चढत.

ही गोष्ट दोन हजार आठच्या सुमाराची. आदल्या मंडईत शेजारच्या गावाने गोंदियाहून एक कीबोर्डवाला आणला. एकाच माणसाने सनई वाजवली, सतार वाजवली, मध्येच ढगही गडगडवले. आमच्या दंडारीसमोरची माणसं उठून तिकडे गेली; उरली ती नात्यातली आणि पायाने अधू. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी साडभाऊंना सरळ सांगितलं, "तुमी आमचे आहा, मान्य. पन औंदा सनई-सतार पायजे. तुमच्याच्यानं जमत असन तं बसा, नाई तं गोंदियाचा मानूस सांगून ठेवला हाये."

वीस वर्षांची ती बैठक जाते की राहते, या प्रश्नाने साडभाऊंचं जेवण सुटलं. कुणीतरी वापरून टाकलेला एक कीबोर्ड त्यांना मिळाला होता. त्याच्या पट्ट्या शाबूत होत्या, पोटातला आवाज मेलेला. कुणीतरी म्हणालं, हा कॉम्प्युटरला जोडला की कॉम्प्युटर हवी ती वाद्यं काढून देतो. कॉम्प्युटर म्हटल्यावर सासुरवाडीच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

इथे माझ्या विद्वत्तेबद्दल सांगायला हवं. आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं झाकण शिवून आणायचं काम माझ्याकडे होतं. शिंपी मापं विचारत होता म्हणून मी त्या यंत्राच्या लांबी-रुंदीचा जो अभ्यास केला, तेवढंच माझं शिक्षण. पण सासुरवाडीत मी 'कॉम्प्युटरवाले जावई' होतो, आणि ही पदवी मी स्वतःच स्वतःला एका पंगतीत दिली होती. तेव्हा मी मान हलवली. साडभाऊ म्हणाले, "बापू, नाई झालं तं?" मी म्हणालो, "साडभाऊ, दहा मिनिटांचं काम."

मंडईच्या दोन दिवस आधी मी घरचा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपने त्यांच्या गावी नेला. सोबत नागपूरहून आणवलेली एक केबल होती : एका टोकाला चपटी पिन, दुसऱ्या टोकाला दोन गोल. एका गोल पिनेवर लिहिलेलं 'इन', दुसरीवर 'आउट'. कीबोर्डच्या पाठीवरही दोन भोकं, 'इन' आणि 'आउट'. मी सुशिक्षित माणसासारखी इनमध्ये इन आणि आउटमध्ये आउट खोचली. साडभाऊ वाकून बघत होते. म्हणाले, "बापू, आत जानारं आत जानाऱ्यातच गेलं, तं बाहेर येनारं कोनाकडं जाईन?" मी हसलो. अडाणी माणसाला हसावं तसं हसलो.

कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर इंग्रजीत ओळ : ड्रायव्हर सापडत नाही. मी कपाळाला हात लावला आणि मोठ्याने म्हणालो, "घ्या! ड्रायव्हर नाही. ड्रायव्हरशिवाय काहीच हलणार नाही." मी पुन्हा वायर काढून लावण्यात गुंतलो. मान वर केली तेव्हा साडभाऊ आणि त्यांची सायकल, दोन्ही अंगणात नव्हते.

तासाभराने परतले ते मागे कॅरिअरवर एक आडदांड मनुष्य बसवून. घामाघूम. म्हणाले, "बापू, भेटला. धाब्यावर जेवून रायला होता, अर्ध्या ताटावरून उठवला. पंधरा वर्साचा लायसनवाला हाये." महामार्गाच्या तिठ्यावर जन्म गेलेल्या माणसाला ड्रायव्हर नाही म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? त्या बिचाऱ्याने खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले, कॉम्प्युटरला एक चक्कर मारली आणि विचारलं, "गाडी कौनसी है साहब? इसमें तो स्टेरिंगच नहीं है."

मी समजावून सांगितलं की हा ड्रायव्हर एका चकतीत असतो, केबलबरोबर आलेली छोटी चकती. "मंग कुठं हाये चकती?" साडभाऊंनी विचारलं. मी मोबाइलवरून गोंदियाला बायकोला फोन लावला.

"ती चकाकणारी? तुम्हीच तर म्हणालात, कामाची नाही, घे."

"कुठे आहे ती?"

"पपईवर. पाखरं हाकलायला बांधली आहे. काऊन? पायजे का?"

मी फोन ठेवून दोघांना सांगितलं की ड्रायव्हर पपईच्या झाडावर आहे. साडभाऊ ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पाहून त्या ट्रकवाल्याला काय वाटलं कोण जाणे. त्याला तसाही गोंदियाच्या राइस मिलवर माल भरायला जायचं होतं. "पता बताओ, मैं लेके आता हूँ," म्हणाला. अशा रीतीने ड्रायव्हर आणायला ड्रायव्हर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरोखर घेऊन आला. चकतीवर पाखरांनी आपला अभिप्राय नोंदवला होता. ती धोतराच्या टोकाने पुसून घातली. कॉम्प्युटरने ती घेतली, घरघरला आणि ड्रायव्हर सापडल्याचं कळवलं. मी पट्टी दाबली. आवाज नाही. साडभाऊ घसा खाकरून हळूच म्हणाले, "ते इन काढून आउटमध्ये घालून पाहाल का?"

घातली. पट्टी दाबली. आणि सनई वाजली.

वाजली, पण लगेच नाही. बोट खाली जायचं, वर यायचं, आणि आता काही होत नाही असं वाटत असताना आवाज यायचा. डोळ्याची पापणी लवावी एवढाच तो उशीर, पण ढोलकीवाल्याला तेवढा पुरेसा होता. दुपारच्या तालमीत तो वैतागून म्हणाला, "पेटी माह्या मांगून काऊन येऊन रायली? मी का तिले बोट धरून नेऊ?" गाणाऱ्याची जीभ अडखळली, नाचणाऱ्याचे पाय एकमेकांत गेले. अध्यक्ष झाडाखाली उभे राहून ऐकत होते. गोंदियाच्या माणसाला बोलवायला त्यांनी खिशातून मोबाइल काढला. साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी ज्ञानी चेहरा केला, कारण तेवढाच माझ्याकडे उरला होता.

"अध्यक्ष, उद्या दुपारपर्यंत थांबा," साडभाऊ म्हणाले.

मंडईच्या दिवशी जनरेटर धडधडत होता. मी केबलवर पाय देऊन उभा, कारण एका बकरीला ती आवडली होती. दर पाच मिनिटांनी पडद्यावर रंगीत मासे पोहायला लागत आणि पुढची मंडळी ओरडत, "ओ भाऊ, पिक्चर कवा लागन?" माझ्या हाताला एवढा घाम की माउस निसटत होता. राणीच्या शोकाच्या प्रसंगी सनई लावायची होती. माझं बोट यादीत थोडं खाली घसरलं आणि हेलिकॉप्टर सुरू झालं. सगळ्या मंडईने वर पाहिलं. मागच्या बाजूचे दोघे तर मंत्री आले असं समजून रस्त्याकडे पळाले. राणीही रडायचं थांबून आभाळाकडे बघत राहिली.

मी सनईवर आलो आणि डोळे मिटून घेतले, कारण आता तो उशीर ऐकू येणार होता. आलाच नाही. सूर ढोलकीच्या थापेवर नेमका पडला. पुन्हा पडला. डोळे उघडून पाहिलं तर साडभाऊंची बोटं गाणाऱ्याचं तोंड उघडायच्या आधीच पट्टीवर उतरत होती. जिथे सूर हवा, त्याच्या एक पापणी आधी. साडेसातला नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला यात शिकायचं काही नव्हतंच. जन्मभर ते ज्याची तालीम करत होते, ते आज कामी आलं होतं. त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती. शेजारच्या गावाच्या दंडारीसमोरची माणसं फुगे घेतलेल्या पोरांसकट आमच्याकडे आली. बैठक राहिली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी थांबलो नाही, म्हणून तर हे लिहितो आहे.

दोन मंडया अशाच छान गेल्या. तिसऱ्या वर्षी ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या माणसाने मला सांगितलं की तो उशीर म्हणजे एक सेटिंग आहे; अमुक आकडा कमी करा, आवाज बोटाबरोबर येईल. मला इतका आनंद झाला की मी तो कुणाला सांगितलाही नाही. साडभाऊंना चकित करायचं ठरवलं. मंडईच्या दिवशी, ते बसायच्या आधी, मी गुपचूप आकडा बदलला आणि बाजूला हाताची घडी घालून उभा राहिलो.

पहिलं गाणं सुरू झालं आणि पेटी ढोलकीच्या पुढे पळत सुटली. साडभाऊंना कळेना. ते बोटं आणखी आधी टाकू लागले, मग नंतर, मग थांबले. गाणारा एकटा पडला. लोक हसले. साडभाऊ स्वतःच्या हाताकडे बघत होते, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे. माझ्या डोक्यात उजेड पडला तेव्हा कडवं संपलं होतं. मी आकडा पूर्ववत केला, आणि पुढची सगळी दंडार सुरळीत झाली.

पंधरा दिवसांनी कळलं की त्यांनी कीबोर्ड स्वच्छ पुसून, कापडात बांधून मंडळाकडे पाठवून दिला. कुणी मागितला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "बापू, हात गेला माहा. लोकायनं मनायच्या आधी आपनच उठाव." तेव्हा मी बोलायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण समोर सासरे बसले होते, मेहुणे होते, आणि मी अजून कॉम्प्युटरवाला जावई होतो. मी म्हणालो, "वय होतंच साडभाऊ."

हे वाक्य मी पुढे आठ वर्षं पोटात घेऊन फिरलो. त्यांच्या घरी गेलो की कोपऱ्यातली झाकलेली जुनी पेटी दिसे आणि मला ताबडतोब काहीतरी काम आठवे. शेवटी यंदाच्या दिवाळीत, सकाळी ओसरीवर चहा घेताना, कपात बघत मी सगळं सांगून टाकलं. आकडा, तो माणूस, ते गुपचूप चकित करणं.

मी शिव्यांची वाट बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे हात बरा होता?"

"हो."

"बोटं बराबर पडत होती?"

"बोटं बरोबर होती, साडभाऊ. गाढव मी होतो."

दुसरा अर्धा भाग त्यांच्या कानांपर्यंत गेलाच नाही. आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "आयकलं का? हात बरा होता मने!"

आमच्या आकडसासूबाई, म्हणजे बायकोची मोठी बहीण, पिठाच्या हातांनी दारात आल्या. "मंग मी आठ वर्सापासून काय मनून रायली?" एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी कपातला संपलेला चहा पुन्हा प्यालो.

साडभाऊंनी कोपऱ्यातली पेटी ओढली, फडक्याने धूळ झटकली. तेच गाणं काढलं, त्या दिवशी अर्ध्यावर मोडलेलं. या पेटीत ना ड्रायव्हर, ना उशीर. तरी त्यांची बोटं सवयीने एक पापणी आधीच उतरली. आकडसासूबाई दाराच्या चौकटीला टेकून गुणगुणू लागल्या, आणि त्यांच्याकडे न बघता तेवढ्याच आधी सुरू झाल्या. दोघं तसेच पुढे निघून गेले. मी टाळी धरायला हात उचलले, आणि दोन्ही कडव्यांत मला तिची जागा काही सापडली नाही.