रिकामी जागा आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

आदरणीय पाळक शांतवनराव काळोखे यांची माझी पहिली भेट मलकापूरच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात झाली. ते उपदेश करीत होते आणि मी दाराशी बसून बाहेर पडण्याच्या बेतात होतो. उपासना संपताच ते सरळ माझ्याकडे आले. "काऊन रे, पोटात दुखते का मनात?"

दुखत होते ते मनातच. लवकरच मला मंडळीसमोर उभे राहून विश्वासाची कबुली द्यायची होती. माझी शाळा सातवीत सुटली. पण सूर्याशिवाय दिवस होत नाही, एवढे शिकलो होतो. पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मात्र देवाने उजेड केला पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या. कबुली दिली तर खोटे बोलल्यासारखे होईल आणि न दिली तर आईला तोंड कसे दाखवू, या काळजीने मला अन्न गोड लागत नव्हते.

शांतवनरावांनी हे न हसता ऐकून घेतले. पवित्र शास्त्र मुळातून वाचता यावे म्हणून त्यांनी मोठेपणी इब्री भाषेचा अभ्यास केला आहे. तरीही ते एवढेच म्हणाले, "मले विचार करू दे."

पुढे एकदा ते मला धामणगाव बढेच्या आठवडी बाजाराला घेऊन गेले. आम्ही फार लवकर पोचलो. मैदान मोकळेच होते. शांतवनराव धोतर सावरून खाली बसले, तोच डोक्यावर पोते घेतलेल्या एक बाई आल्या.

"उठा बावाजी! मिर्चीत काऊन बसले?"

"मिर्ची कुठं आहे, बाई? जागा तर रिकामी आहे."

"रिकामी कायची? मिर्चीची हाय! तिकडं बैलाची. आता बैलात जाऊन बसता का?"

मी ओशाळलो. शांतवनराव मात्र खळखळून हसत उठले आणि बाईंचे पोते त्यांनी स्वतः उतरवून घेतले. मग ते माझ्याकडे वळले.

"ऐकलं का? माती जुनीच. कोणती जागा कशासाठी, हे ठरलं म्हणून बाजार झाला. त्या अध्यायातही देव असंच करते, असं मले वाटते. आधी दिवस-रात्रीची पाळी ठरली, मग ती दाखवायचं काम सूर्याले दिलं. वस्तू कशी घडली, हे तिथं सांगतच नाही. ती कशासाठी, हे सांगते."

"मग माती कोणी केली?"

"देवानंच. पण या अध्यायाचा विषय तो नाही. आणि हा माझा अर्थ आहे, बरं. दुसरे जाणकार वेगळं सांगतील, त्यांचंही ऐक."

त्या दुपारी मी पोटभर जेवलो. कबुली देताना माझा आवाज कापला नाही.

त्यांची माया अशीच आहे. आई तापाने पडली, तेव्हा ते सायकलवरून औषध घेऊन आले. चुलीपाशी बसून पेज शिजवली आणि ती तिच्या पोटात गेल्यावरच प्रार्थनेसाठी हात जोडले.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. परवा भेटलो तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या अध्यायात मीच अडकलो आहे." त्यांची दृष्टी शाबूत राहो, पाय सायकलवर चालते राहोत, आणि तो दुसरा अध्याय उलगडायला त्यांना अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षे लागोत.