डावा दंड भावाचा

माझ्या मायच्या दोन्ही दंडांवर देवीच्या लशीचे वण होते. उजवे तिचे स्वतःचे, डावे माझ्या धाकट्या भावाचे.

हे ऐकून पुण्याकडचे लोक हसतात. हसू द्या. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावात तेव्हा त्यात हसण्यासारखं कुणाला काही वाटलं नव्हतं. घरातलं माणूस आजारी असलं की त्याचा सोमवार दुसऱ्यानं धरायचा, नवस दुसऱ्यानं बोलायचा, अनवाणीही त्यानंच चालायचं. पुण्य बरोबर ज्याचं त्याला पोचायचं. भाऊ जन्मापासून तोळामासा. त्याचे सगळे उपास मायच करायची.

लस टोचणारा गावात आला तेव्हा भाऊ नुकताच तापातून उठला होता. मायनं उजव्या दंडावर टोचून घेतलं आणि लगेच डावा दंड पुढे केला.

“हा त्याचा. त्याच्या नावानं माह्याच हातावर देवी काढा.”

“असं नसते ना बाई. ज्याची त्यालेच टोचा लागते.”

“उपास चालते, मंग हे काहून नाई चालत? लेकरू तर पाहा, जीव हाये का त्याच्यात?”

टोचणारा सकाळपासून दारोदार बोलणी खात हिंडत होता. त्यानं आणखी वाद घातला नाही. डावा दंडही टोचला आणि पुढच्या घरी गेला.

दोन्ही दंड टरारून फुगले. देवी आल्यावर पाळतात तशी मायनं घरात फोडणी बंद केली, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. उजवा दंड ठणकला की ती कण्हायची. डावा ठणकला की समाधानानं भावाकडे पाहायची.

पुढे समोरच्या घरातल्या मुलीला देवी आल्या. गल्लीनं दारं लावून घेतली. माय मात्र भावाला कडेवर घेऊन रोज तिकडे पेज पोचवायची. कुणी हटकलं तर म्हणायची, “आमच्या दोघायची देवी काढेल हाये.”

भावाला देवी आल्याच. तो वाचला, एक डोळा गेला. टोचणाऱ्यानं डावीकडे हात आखडता घेतला, असं माय बरेच दिवस म्हणत होती. मग म्हणेनाशी झाली. तिचं तिलाच कळलं असावं. पोलक्याच्या बाह्या तिनं कोपरापर्यंत लांब करून घेतल्या, एवढंच. मला तिचा राग यायचा आणि त्याहून जास्त कीव, म्हणून मी तो विषय काढत नसे.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. माझी मुलगी काही महिन्यांची असताना लस टोचणारे दारात आले. माय तेव्हा माझ्याकडेच होती. मुलीला सर्दी होती, किरकिर चालली होती. मी म्हणाले, “पुढच्या खेपेला पाहू.”

“पुढच्या खेपेले काहून?” माय उठली. मुलीचं झबलं तिनंच काढलं, तिला माझ्या मांडीवर नीट धरायला लावलं. “टोचा डाक्टरसाहेब. इलेच टोचा.”

मुलगी किंचाळली. मायचा डावा हात झटकन पुढे आला. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, आणि मुलगी शांत होईपर्यंत बाहेर काढले नाहीत.