फॉर्मवर नवऱ्याचा नंबर

मला कॅन्सर आहे हे माझ्या नवऱ्याला माझ्याआधी एकोणीस दिवस कळलं होतं.

बायोप्सी झाली, म्हणजे छातीतल्या गाठीचा तुकडा सुईने काढून तपासायला गेला. फॉर्मवर मी फोन नंबर लिहिला तो अनिलचा. अमेरिकेत, पार्सिपनीत चौदा वर्षं झाली, शाळा, बँक, डेंटिस्ट, सगळीकडे मी त्याचाच नंबर देते. रिपोर्ट ‘मॅलिग्नंट’ आला, म्हणजे गाठ कॅन्सरची. फोन त्याला गेला. मुलीची परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं त्याने परस्पर ठरवलं आणि मला म्हणाला, रिपोर्ट लांबलाय.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून विचारलं, “ट्रीटमेंटची अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल का केलीत?” तेव्हा मला कळलं.

घरी येऊन हाताला लागलं ते भिरकावलं. खलबत्त्यातला बत्ता होता. अनिलची भुवई फुटली, शर्ट रक्ताने भरला, तीन टाके पडले. मला अजिबात वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

मग किमो, म्हणजे शिरेतून सोडायचं औषध. लालभडक. उलट्या करून करून घसा सोलवटायचा. केस मुठीत उपटून यायचे. नर्सने सुई खुपसली की तिलाही एक ठेवून द्यावीशी वाटायची.

शेजारच्या खुर्चीत मारिसोल असायची. होंडुरासची, ऑफिसं साफ करणारी, माझ्याच वयाची. तिच्या फॉर्मवर लेकीचा नंबर होता, कारण इंग्लिश लेकीला येतं. लेकीने पाच महिने आईला सांगितलं, इन्फेक्शन आहे. शेवटी हॉस्पिटलच्या दुभाषीने खरा शब्द उच्चारला. मारिसोलने तिथेच लेकीच्या अशी कानाखाली वाजवली की पोरगी भिंतीवर आदळली. मग दोघी एकमेकींना कवटाळून किंचाळल्या. हे तिने मला मोडक्या इंग्लिशमध्ये, हातवारे करून सांगितलं. घरोघरी मातीच्या चुली, होंडुरासलासुद्धा.

लॅटिनो, म्हणजे मारिसोलसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचा कॅन्सर उशिरा का सापडतो, यावर तिथे संशोधन चालू होतं. डॉक्टर आणि वस्तीतल्या बायका एकाच टेबलाशी बसून प्रश्न ठरवायच्या. मारिसोल त्यात होती. तिला एकटीला चालवेना, म्हणून मी हाताला धरून घेऊन गेले.

संशोधक बाई यादी वाचत होत्या: भाषा, इन्शुरन्स, गाडी नसणं. मारिसोलने टेबलावर मूठ आपटली. कॉफी कागदांवर सांडली.

“माझं मरण तुम्ही माझ्या लेकीला फोनवर सांगितलंत,” ती म्हणाली. दुभाषी ते इंग्लिशमध्ये सांगत होती. “आधी मला विचारा, कुणाला सांगायचं ते.”

मीही बोलले, माझंही अस्संच झालं. मी लॅटिनो नाही, हे कुणी काढलं नाही. बाईंनी कागद पुसला आणि त्यावरच लिहून घेतलं.

आता त्यांच्या फॉर्मवर तो पहिला प्रश्न आहे. मारिसोलने तो छापलेला पाहिला, त्यावर बोट फिरवलं. थंडीत ती गेली. कॅन्सर यकृतात पसरला होता. ते पाच महिने आठवले की आजही काहीतरी फोडावंसं वाटतं. तिची लेक आता तोच फॉर्म घेऊन वस्तीत दारोदार फिरते.

बायांनो, फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहा. वाईट बातमी असली तरी ती आपली असते.

गेल्या महिन्यात स्कॅनचा फोन माझ्या खिशात वाजला. रिपोर्ट स्वच्छ होता. अनिल समोर उभा, भुवईवर तो व्रण, विचारायची हिंमत होत नव्हती. मी त्याला सांगितलं. पण आधी सांगायचं होतं ते मारिसोलला.