डॉक्टरची बोटं

आमच्या ह्यांचं टायर दुरुस्तीचं दुकान, आणि बाजारात ह्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे. शिक्षण म्हणाल तर चार बुकंही धड नाहीत, पण टायरच्या पोटात हात घालून एकदा गोल फिरवला की सांगायचे, हा वर्षभर पळेल, हा भंगारात टाका. लोक वरची नक्षी बघतात. हे म्हणायचे, नक्षी रस्ता धरते, काठातली जाड तार रिम धरते, पण ओझं उचलते हवा, आणि त्या हवेला धरून ठेवतात रबरात पुरलेले पोलादी दोरे. हवा कमी असताना गाडी दामटली की टायरची बाजू चेपते आणि आतल्या आत दोरे तुटतात. बाहेरून टायर नवरदेवासारखा दिसतो. दुखणं लागतं ते बोटालाच, आतून. सुरकुती लागते, खरखर लागते.

आणि ह्यांची बोटं मरायला लागली होती. साखरेचा आजार.

मला कळलं ते स्वयंपाकघरात. गॅसवरचं तापलेलं झाकण ह्यांनी उचललं आणि माझ्याशी बोलत राहिले. टरारून फोड आला तरी पत्ता नाही. मी घर डोक्यावर घेतलं. हे हळूच म्हणाले, "कुणाजवळ बोलू नकोस. डॉक्टरचा हात गेला म्हटल्यावर दुकानात कोण येईल?" मी गल्लीतली नावाजलेली तोंडाळ. मला बघून दूधवाला पलीकडच्या कडेने जातो. आणि नेमकं तिथंच माझ्या तोंडाला कुलूप लागलं. जळो ते तोंड.

माझा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. आईच्या मागे मीच त्याला वाढवलेला. एका सकाळी ट्रकच्या पुढच्या टायरमध्ये खिळा घुसला, आणि पठ्ठ्याने हवा गेलेल्या टायरवरच ट्रक दुकानापर्यंत रेटत आणला. ह्यांनी त्याला शिव्या घातल्या, भोक बुजवलं आणि हात आत घातला. मी डबा घेऊन तिथेच उभी होते. एक फेरी झाली. दुसरी झाली. डोळे मिटून तिसरी. एरवी एका फेरीत निकाल लागायचा. भाऊ हसून म्हणाला, भावोजी, टायर आहे, बाळंतीण नव्हे. दुसऱ्या कुणाला तरी दाखव रे, एवढंच म्हणायचं होतं मला. ओठापर्यंत आलं होतं.

"चालेल," हे म्हणाले.

भावाने डब्यातले दोन घास खाल्ले, "येतो गं ताई," म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी उतारावर त्याच टायरची बाजू फाटली. ट्रक कठडा तोडून खाली गेला. माझा भाऊ गेला.

महिन्याभराने तो टायर दुकानात परत आला. हे त्याच्यासमोर बसून राहिले, जेवायलाही उठेनात. शेवटी मला जवळ बोलावलं. "जी बाजू फाटली नाही, तिथं हात घाल," म्हणाले. "लागतं का काही?"

मी हात घातला. पहिल्याच फेरीत लागलं, माझ्या अडाणी बोटांनाही. सुरकुत्याच सुरकुत्या, न निवडलेल्या धान्यासारखी खरखर. माझा भाऊ वाचला असता. हे माझ्या तोंडाकडे लहान मुलासारखे बघत होते.

"नाही हो," मी म्हणाले. "काहीच लागत नाही."

मग ह्यांनी स्वतः हात घातला, फाटलेल्या बाजूने. डोळे मिटून तीन फेऱ्या मारल्या. "मलाही नाही लागलं," म्हणाले.

मी त्यांचा हात धरून बाहेर काढला. बोटात तुटलेली तार रुतली होती, रक्त मनगटापर्यंत आलं होतं, आणि ह्यांना पत्ताच नव्हता.